दहा सेंटांचा फोटो : स्टॉक फोटोग्राफीवर घर चालेल का?

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये कॅमेरा आला. १४ एप्रिलची मिरवणूक, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, १ जानेवारीचा भीमा कोरेगावचा विजयस्तंभ, विहारातला वर्षावासाचा कार्यक्रम, सगळीकडे आपली मुले-मुली गळ्यात कॅमेरा अडकवून फिरताना दिसतात. कुणी तो हप्त्यावर घेतलेला असतो, कुणी मोठ्या भावाच्या पगारातून, तर कुणी लग्नाच्या ऑर्डरी करून साठवलेल्या पैशांतून. लग्नसराई संपली की यातले बरेच जण रिकामे बसतात. त्या रिकाम्या दिवसांत मोबाइलवर व्हिडिओ येतो : 'घरबसल्या फोटो विका, डॉलरमध्ये कमवा.' मग कोर्स, मग नवी लेन्स, मग आणखी एक हप्ता.

हा दावा कितपत खरा आहे, हे एकदा शांतपणे तपासायला हवे. कारण यात कुणाच्या तरी घरचा किराणा आणि कुणाच्या तरी उमेदीची चार वर्षे पणाला लागलेली असतात.

स्टॉक फोटो म्हणजे काय?

वर्तमानपत्र, जाहिरात कंपनी, पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक किंवा बँक यांना रोज फोटो लागतात. हसणारे कुटुंब, शेतात उभा शेतकरी, हातातली औषधाची गोळी, पावसातली मुंबई. प्रत्येक वेळी छायाचित्रकार पाठवणे परवडत नाही. म्हणून आधीच काढून ठेवलेल्या फोटोंच्या साठ्यातून ते घेतात. फोटो छायाचित्रकाराचा, साठा एजन्सीचा. विक्री झाली की एजन्सी आपला वाटा कापून उरलेली रक्कम छायाचित्रकाराला देते. आपल्या बाजार समितीतल्या अडतीसारखाच हा व्यवहार आहे. फरक कापून घेतल्या जाणाऱ्या वाट्यात आहे, त्याकडे पुढे येऊच.

इंटरनेटच्या आधी हा धंदा मोजक्या लोकांचा होता. फोटोची किंमत वापरावर ठरायची. मुखपृष्ठावर की आतल्या पानावर, किती प्रतींसाठी, कोणत्या देशात, किती महिन्यांसाठी, असा प्रत्येक प्रश्न विचारून परवाना दिला जाई. एका फोटोला शेकडो डॉलर मिळत आणि त्यातला निम्मा भाग छायाचित्रकाराला देण्याची पद्धत रूढ होती. चांगला साठा असलेला माणूस त्यावर घर चालवू शकत असे.

भाव कसा कोसळला

२००० साली कॅनडातील कॅलगरी शहरात ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केले. सुरुवातीला तिथे हौशी लोक एकमेकांचे फोटो वापरायला देत-घेत. पुढे तिथे अगदी किरकोळ दरात विक्री सुरू झाली. डिजिटल कॅमेरा स्वस्त होत होता, इंटरनेट वेगवान होत होते. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी फोटो काढणाऱ्या लाखो लोकांना आपला फोटो विकला जातो याचाच आनंद होता.

याचा परिणाम काय झाला, हे २००६ मध्ये अमेरिकेतील 'वायर्ड' मासिकातल्या एका लेखाने जगापुढे आणले. जेफ हाव यांचा तो लेख. 'क्राउडसोर्सिंग' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. मार्क हार्मेल या व्यावसायिक छायाचित्रकाराने एका आरोग्य संग्रहालयाला सवलत देऊन फोटोमागे शंभर ते दीडशे डॉलर असा दर सांगितला होता. संग्रहालयाला तसेच फोटो आयस्टॉकवर सुमारे एक डॉलरला मिळाले. सौदा तिथेच मोडला. हार्मेल यांच्या कामात काही खोट नव्हती. त्यांच्या मालासारखा माल शेजारच्या दुकानात शंभरपट स्वस्त मिळत होता, एवढेच. त्याच वर्षी गेटी इमेजेस या बलाढ्य एजन्सीने आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरला विकत घेतले. ज्या स्वस्त दुकानामुळे बाजार पडत होता, ते दुकानच मोठ्या व्यापाऱ्याने ताब्यात घेतले.

दुसरा धक्का वर्गणीचा. २००३ मध्ये जॉन ओरिंजर यांनी न्यूयॉर्कमध्ये शटरस्टॉक सुरू केले, तेही स्वतः काढलेल्या सुमारे ३० हजार फोटोंच्या भांडवलावर. ग्राहकाने महिन्याची ठरावीक रक्कम भरायची आणि हवे तितके फोटो उतरवून घ्यायचे. यात एका फोटोची अशी किंमतच उरत नाही. खाणावळीत महिन्याचा डबा लावला की एका पोळीचा हिशेब कुणी विचारत नाही, तसे. २०१३ पर्यंत ओरिंजर डॉलरमधले अब्जाधीश झाले होते. फोटो पुरवणाऱ्यांना मात्र वर्गणीतल्या एका डाउनलोडमागे, त्यांच्या आजवरच्या एकूण कमाईनुसार, २५ ते ३८ सेंट मिळत असत.

तिसरा धक्का फुकटचा. अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे यांसारख्या संकेतस्थळांवर चांगल्या दर्जाचे फोटो मोफत मिळू लागले. तिथे फोटो ठेवणाऱ्यांना 'तुमचे नाव होईल' असे आश्वासन मिळाले. २०१९ मध्ये कॅनव्हा कंपनीने पेक्सेल्स आणि पिक्साबे विकत घेतले, २०२१ मध्ये गेटीने अनस्प्लॅश घेतले. फुकट दिलेल्या फोटोंच्या ढिगालाही किंमत होती. ती ढीग सांभाळणाऱ्याला मिळाली, फोटो देणाऱ्याला नाही.

आणि मग १ जून २०२०. जग टाळेबंदीत होते, लग्ने बंद, कार्यक्रम बंद, छायाचित्रकारांची दुसरी कमाई थांबलेली. त्याच दिवशी शटरस्टॉकने मानधनाची नवी पद्धत लागू केली. १५ टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत सहा पायऱ्या. वर्षभरात जितके फोटो विकले जातील तितके वर चढायचे. पण दर १ जानेवारीला सगळ्यांनी पुन्हा पहिल्या पायरीवर, १५ टक्क्यांवर यायचे. दहा वर्षे काम केलेला आणि काल आलेला, दोघे नव्या वर्षाच्या सकाळी एकाच रांगेत. एका डाउनलोडचे किमान मानधन ठरले १० सेंट, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेसात रुपये. जगभरातल्या अनेक छायाचित्रकारांनी निषेध म्हणून आपले फोटो विक्रीतून काढून घेतले. कंपनीने धोरण बदलले नाही.

बाजार समितीत अडत्याने शेकडा ६० ते ८५ कापून घेतले असते तर शेतकऱ्यांनी गेटला कुलूप ठोकले असते. इथे माल पुरवणारे लाखोंच्या संख्येने आहेत, पण शंभर देशांत विखुरलेले, एकमेकांना न ओळखणारे. त्यांचे कुलूप कोणत्या गेटला लागणार?

एकदा हिशेब मांडू

समजा, एका डॉलरचे ८५ रुपये. महिन्याला १५ हजार रुपये मिळवायचे आहेत. प्रत्येक डाउनलोडला किमान, म्हणजे १० सेंट मिळाले तर साडेआठ रुपये हाती येतात. १५ हजारांसाठी दरमहा सुमारे १,७६५ डाउनलोड हवेत. सरासरी बरी, म्हणजे २५ सेंट धरली तरी ७०६ हवेत. रोजचे २३-२४, एकही दिवस खाडा न होता. ८० हजारांचा कॅमेरा आणि लेन्स घेतली असेल, तर नुसते ते पैसे वसूल व्हायला १० सेंटांच्या दराने ९,४०० हून अधिक आणि २५ सेंटांच्या दराने सुमारे ३,७६५ डाउनलोड लागतील. त्यात प्रवास, वीज, इंटरनेट, हार्ड डिस्क आणि आपली मेहनत धरलेली नाही. अमेरिकेतल्या ग्राहकाकडून आलेल्या रकमेवर तिथला करही कापला जातो. भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्के आहे, आणि त्यासाठीचा फॉर्म भरला नाही तर ३० टक्के.

दुसरी बाजूही सांगायला हवी. काही परवान्यांना डॉलरमध्ये मानधन मिळते. व्हिडिओ क्लिपला फोटोपेक्षा जास्त मिळते. अ‍ॅडोबी स्टॉक फोटोवर ३३ टक्के वाटा देते. हजारो फोटोंचा, नीट निवडलेला आणि अचूक शब्दांनी नोंदवलेला साठा असलेल्यांना आजही महिन्याला काही रक्कम मिळते. म्हणजे हा धंदा फसवा आहे असे नाही. पण जोडउत्पन्नाला उपजीविका म्हणून विकणारे कोर्स फसवे आहेत.

इथे आणखी एक गोष्ट बघा. संदीप माहेश्वरी हे नाव आपल्या तरुणांना प्रेरणादायी भाषणांमुळे माहीत आहे. त्यांचा व्यवसाय कोणता? भारतीय चेहऱ्यांचे स्टॉक फोटो विकणारी इमेजेसबझार ही एजन्सी, २००६ मध्ये सुरू केलेली. लिव्हिंगस्टोन, ओरिंजर, माहेश्वरी या सगळ्यांची मोठी कमाई दुकानाच्या मालकीतून आली. दुकानात एक-एक फोटो आणून देणाऱ्यांच्या वाट्याला ती आली नाही.

आता यंत्रच फोटो बनवते

२०२२ पासून चित्र बदलले. चार शब्द लिहिले की यंत्र फोटो तयार करून देते. हे यंत्र शिकले कशावर? माणसांनी काढलेल्या कोट्यवधी फोटोंवर. शटरस्टॉकने आपल्या साठ्याचा वापर प्रशिक्षणासाठी करू देण्याचे करार ओपनएआयसारख्या कंपन्यांशी केले आणि छायाचित्रकारांसाठी एक निधी काढला. अ‍ॅडोबीने २०२३ मध्ये फायरफ्लाय आणले, तेही अ‍ॅडोबी स्टॉकच्या फोटोंवर शिकवून. त्यासाठी छायाचित्रकारांची वेगळी परवानगी घेतली नव्हती, आधीच्या करारातल्या अटी पुरेशा आहेत अशी कंपनीची भूमिका होती. नंतर बोनस म्हणून काही रक्कम वाटण्यात आली.

गेटीने स्टॅबिलिटी एआय या कंपनीविरुद्ध २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत दावे लावले. ब्रिटनमधला निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. गेटीच्या वॉटरमार्कबाबतचा मर्यादित मुद्दा मान्य झाला, स्वामित्वहक्काचा मुद्दा फेटाळला गेला. भारतात एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. जानेवारी २०२५ मध्ये गेटी आणि शटरस्टॉक यांनी विलीनीकरण जाहीर केले. दोन मोठे अडते एकत्र आले तर माल आणणाऱ्याला दुसऱ्या दारात जायची सोयही उरणार नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. 'हसणारे कुटुंब', 'लॅपटॉपवर काम करणारी मुलगी', 'सूर्यास्त', 'चहाचा कप' असले फोटो आता यंत्र जवळजवळ फुकट देते. नवशिक्यांना नेमके हेच फोटो काढायला शिकवले जाते.

१९१८ चा एक निबंध

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक इंग्रजी निबंध लिहिला. तेव्हाचे विद्वान म्हणत होते, तुकडे लहान आहेत म्हणून शेती परवडत नाही, तुकडे एकत्र करा. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा करून पाहिला. जमीन किती मोठी यावरून ती परवडेल की नाही हे ठरत नाही, तिच्यावर लावायला अवजारे आणि भांडवल किती आहे यावर ते ठरते. खरा आजार हा की दुसरे काम नसल्याने गरजेपेक्षा फार जास्त माणसे शेतीवर अडकून पडली आहेत. त्यांना शेतीबाहेर उत्पादक काम मिळाले, उद्योगीकरण झाले, तर शेतीही सुधारेल.

स्टॉक फोटोग्राफीचे आज तेच झाले आहे. एकाच लहान तुकड्यावर लाखो लोक तेच पीक घेत आहेत. 'अजून हजार फोटो टाका' हा कोर्सवाल्यांचा सल्ला म्हणजे त्याच तुकड्यात आणखी बी पेरण्याचा सल्ला आहे. पीक वाढेल तसा भाव आणखी पडेल. उपाय त्या तुकड्याबाहेर शोधावा लागेल.

हक्क आधी समजून घ्या

त्याआधी कायदा. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. तुम्ही स्वतःहून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही आहात. पण कुणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. त्यामुळे लग्नाच्या ऑर्डरीतला नवरीचा फोटो परस्पर विकता येत नाही. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोलाही सर्वसाधारणपणे हाच नियम लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे टिकतो. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क विकला तरी 'हा फोटो माझा आहे' असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच राहतो. म्हणून कोणत्याही संकेतस्थळावर 'मान्य' दाबण्यापूर्वी अटी वाचा. आपले फोटो यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याचा पर्याय खात्यात असेल तर तो शोधून निवडा.

दुसरा हक्क फोटोतल्या माणसाचा. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीने आपला चेहरा एचआयव्हीविषयक सरकारी जाहिरातीत पाहिला. तिला तो आजार नव्हता. तिचा फोटो तिच्या लेखी संमतीशिवाय स्टॉक एजन्सीत गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले. आता विचार करा, वस्तीतल्या आजीचा सुरकुतलेला चेहरा आपण 'गरीब भारतीय स्त्री' असे शब्द लावून विकला, तर तो उद्या कुठे छापला जाईल यावर ना तिचा ताबा, ना आपला. आपल्या माणसांचे दैन्य दहा सेंटांना विकायचे का, हा प्रश्न प्रत्येकाने शटर दाबण्यापूर्वी स्वतःला विचारावा. संमती लेखी घ्या, आणि ती कशासाठी घेत आहोत हे तिला कळेल अशा भाषेत सांगून घ्या.

मग करायचे काय?

पहिले, यंत्राला जे देता येत नाही ते काढा. खरे ठिकाण, खरी तारीख, खरे नाव. यंत्र 'मोर्चा' बनवू शकते, परवाचा मोर्चा आणू शकत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते काम कुठल्याही स्टॉकच्या यादीतून शोधून काढता येणारे नव्हते. एक विषय, एक जागा, अनेक वर्षे, असे काम करा. प्रत्येक फोटोला तारीख, स्थळ आणि माहिती लिहून ठेवा. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह अशा नोंदींची किंमत काय असते हे दाखवतो.

दुसरे, स्टॉककडे जोडउत्पन्न म्हणूनच बघा. असलेल्या कॅमेऱ्यावर करा, त्यासाठी कर्ज काढू नका. ऑर्डरी, संस्थांची कामे, अहवालांसाठीचे छायाचित्रण, व्हिडिओ आणि संकलन यांतून मुख्य कमाई उभी करा.

तिसरे, एकत्र या. ज्या लिव्हिंगस्टोन यांनी आयस्टॉक सुरू केले होते, त्यांनीच ब्रियाना वेटलॉफर यांच्यासोबत २०१३ मध्ये कॅनडात स्टॉक्सी ही सहकारी संस्था उभी केली. तिथे छायाचित्रकार स्वतः सभासद आणि भागधारक आहेत. साध्या परवान्यावर ५० टक्के आणि विस्तारित परवान्यावर ७५ टक्के वाटा त्यांना मिळतो. सभासदसंख्या मर्यादित ठेवून त्यांनी भाव राखला. सहकार महाराष्ट्राला नवा नाही. एका जिल्ह्यातले दहा-पंधरा छायाचित्रकार मिळून एक संग्रह, एक दरपत्रक, एक करारनामा तयार करू शकले तरी सुरुवात होईल. एकाने दर पाडला की सगळ्यांचा पडतो, हे लग्नाच्या हंगामात आपण दरवर्षी अनुभवतोच.

चौथे काम आपल्या संघटनांचे आणि मंडळांचे आहे. चैत्यभूमीच्या गर्दीचे फोटो परदेशी एजन्सींच्या संकेतस्थळांवर विक्रीला असतात. आणि आपण जयंतीच्या फ्लेक्ससाठी, पत्रिकेसाठी, स्मरणिकेसाठी फोटो कुठून घेतो? गुगलवरून उचलतो. कधी त्यावर पुसट वॉटरमार्कही तसाच राहतो. मंडपवाल्याला, डीजेवाल्याला पैसे मिळतात, फोटो काढणाऱ्या आपल्याच पोराला मात्र 'आपलंच काम आहे' म्हणून पाठीवर थाप मिळते. ज्या वर्षी आपली मंडळे खर्चाच्या वहीत 'छायाचित्रण' असा रकाना आखतील, फोटोखाली नाव छापतील आणि मूळ फाइली जपून ठेवतील, त्या वर्षापासून आपल्या गावापुरता तरी फोटोचा भाव सुधारू लागेल.

जगाच्या बाजारात फोटोचा भाव कोण ठरवतो हे आपल्या हातात नाही. पण कोणते फोटो काढायचे, कुणाला द्यायचे, कोणत्या अटीवर द्यायचे आणि आपल्या माणसाच्या कामाचे पैसे द्यायचे की नाही, हे ठरवणे आपल्या हातात आहे. नवा कॅमेरा हप्त्यावर घेण्याआधी वरचा हिशेब एकदा आपल्या आकड्यांनी मांडून पाहा.